एक्सेलच्या यादीवरून विद्यार्थी एकगठ्ठा चढवताना दुबार खाती : 'हा तोच' हे ठरवायचं कशावरून?

पूर्वभाग_मास्तर · शुक्रवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. "सरांना कॉम्प्युटरमधलं कळतं" एवढ्या एका वाक्यावर कॉलेजचं मूडल (ऑनलाइन अभ्यास आणि चाचण्यांचं सॉफ्टवेअर) माझ्या गळ्यात पडलंय.

गेल्या वर्षी बाहेरच्या एका एजन्सीने विद्यार्थ्यांची खाती एक्सेलच्या यादीवरून चढवून दिली होती. आता आत जाऊन बघतोय तर श्रीनिवास, श्रीनिवास२, श्रीनिवास३ असा प्रकार. त्यातले पहिले दोन खरोखर वेगळे विद्यार्थी आहेत आणि तिसरा म्हणजे पुन्हा पहिलाच. त्याने प्रकल्प एका खात्यात टाकलाय, चाचणी दुसऱ्या खात्यातून दिलीय. असे बरेच आहेत.

यंदाची फाइल कार्यालयातून आली. प्रथम वर्षाची नवी मुलं आणि वरच्या वर्गांतली जुनी, सगळी एकाच शीटमध्ये. नाव कुठे आडनावापासून सुरू होतं, कुठे स्वतःच्या नावापासून. आमच्याकडे तेलुगू घरं जास्त, त्यांच्यात आडनाव आधी लिहायची रीत, त्यामुळे कोणत्या रकान्यात काय असेल याचा भरवसा नाही. ईमेल पुष्कळांचा एकच. मोबाइल दोघातिघांत एक. प्रथम वर्षाचे पीआरएन (विद्यापीठाचे कायम नोंदणी क्रमांक) अजून आलेले नाहीत, आणि ज्यांचे आलेत त्यांच्या १६ आकडी पीआरएनच्या शेवटी झाडून सगळ्यांच्या शून्यच दिसतंय!

सोमवारी चढवून टाका असा वरून निरोप आहे. कोणता रकाना धरून जुळवायचं? अपलोड करताना मूडल चार पर्याय देतं, त्यातला कुठला घ्यायचा? आणि आधीच झालेल्या दुबार खात्यांचं काय करायचं?

(दुबार म्हटलं की लोक मतदारयादीवर घसरतात. कृपा करून तिकडे जाऊ नका.)

चादर_ते_चार्जर · रात्री ९:२२

मालक, एवढं काय त्यात? एक्सेलमध्ये रिमूव्ह डुप्लिकेट्स दाबायचं, विषय संपला. दुकानाच्या गिऱ्हाइकांची यादी मी अशीच साफ करतो.

अक्कलकोट_रोड_ते_हिंजवडी · रात्री ९:४८

नका दाबू. ते बटण पहिली ओळ ठेवतं आणि तिच्यासारख्या खालच्या उडवतं. किती उडवल्या तो आकडा सांगतं, कोणत्या उडवल्या ते सांगत नाही. वरची ओळ गेल्या वर्षीची आणि खालची दुरुस्त केलेली असेल तर दुरुस्ती गेली. तुमच्या यादीतून एखादं गिऱ्हाईक गळालं तर त्याला दिवाळीचा मेसेज जात नाही, इथे गळालेल्या मुलाची परीक्षा बुडते. नुसती खूण हवी असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंगमधलं डुप्लिकेट व्हॅल्यूज वापरा. ते रंगवतं, काढत नाही.

मास्तर, आधी तुमच्या शून्याचं बघू, कारण ते बाकी सगळ्याच्या आधी निस्तरायला हवं. एक्सेल कुठल्याही संख्येचे १५च आकडे सांभाळतं, सोळाव्या जागी शून्य घालतं. म्हणजे लागोपाठच्या क्रमांकांची दहा मुलं एकाच पीआरएनवर येऊन बसतात. ती तुम्हाला दुबार दिसणार, आणि ती दुबार नाहीतच. रकान्याचा फॉरमॅट आता टेक्स्ट केला तरी गेलेला आकडा परत येत नाही. कार्यालयाने ही यादी ज्या पोर्टलवरून उतरवली तिथूनच पुन्हा उतरवून घ्या. उतरलेली सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिक करून उघडू नका. एक्सेल उघडून डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट' करून आत घ्या आणि पीआरएन, मोबाइल, प्रवेश क्रमांक हे रकाने टेक्स्ट म्हणून निवडा. लिबरऑफिसमध्ये तर ती खिडकी आपोआप येते.

मोबाइलच्या आधी ९१ लावलेलं असेल तर बारा आकडे होतात आणि एक्सेल ते ९.१९ई+११ असं दाखवतं. तसंच सीएसव्हीत जतन केलं की फाइलमध्येही तेच उमटतं. शंभर मुलांचा मोबाइल ९.१९ई+११. तिथेही 'दुबार'.

शेवटची फाइल नोटपॅडमध्ये उघडून डोळ्याने बघा. नोटपॅड स्वतःची अक्कल लावत नाही, हा त्याचा मोठा गुण.

नवी_पेठ_नेटकॅफे · रात्री १०:०५

ईमेलबद्दल मी सांगतो, कारण त्यातले निम्मे आमच्यासारख्यांचेच असणार. प्रवेशाच्या दिवसांत रांग दारापर्यंत असते. पोरांकडे ईमेल नसतो, असला तर पासवर्ड आठवत नाही, आठवला तर ओटीपी घरच्या मोबाइलवर जातो आणि मोबाइल वडिलांकडे, वडील कारखान्यात. फॉर्म तर आज भरायचाय. मग आम्ही आमच्या सेंटरचा ईमेल टाकतो आणि पुढे जातो. दुसरं काय करणार? फॉर्मला रकाना सक्तीचा आहे, पोराला ईमेल सक्तीचा नाही.

तेव्हा मास्तर, तुमच्या यादीत जो ईमेल सारखा सारखा येतोय तो विद्यार्थ्याचा नाही, कुठल्यातरी सेंटरचा आहे असं समजून चाला.

अक्कलकोट_रोड_ते_हिंजवडी · रात्री १०:१४

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. यात दुबारपेक्षा मोठी भानगड आहे. पासवर्ड विसरला की मूडलची लिंक त्या ईमेलवर जाते. म्हणजे वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या खात्याची किल्ली सेंटरच्या इनबॉक्समध्ये. तुम्ही सज्जन आहात हो, पण हंगामापुरता कामाला ठेवलेला पोरगा?

चादर_ते_चार्जर · रात्री १०:२०

मग मोबाइलवर जुळवा की. आजकाल शेंगा चटणीवाल्याकडेपण दोन मोबाइल असतात.

विडी_घरकुल · रात्री १०:५१

दादा, कुंभारीला येऊन बघा एकदा. आमच्या वसाहतीत आई विड्या वळते, तिच्याकडे साधा फोन. चांगला फोन घरात एक, तो भावाकडे. मी, बहीण आणि चुलत बहीण तिघींच्या कॉलेजच्या फॉर्मवर भावाचाच नंबर आहे. तुम्ही मोबाइलवर जुळवलं तर आम्ही तिघी मिळून एक विद्यार्थिनी होणार.

आणि नंबर बदलतातसुद्धा. रिचार्ज संपला, दुसऱ्या कंपनीची ऑफर आली, नवीन सिम घेतलं.

अक्कलकोट_रोड_ते_हिंजवडी · रात्री १०:५८

बरोबर. शिवाय बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कोणाला देऊ शकते. गेल्या वर्षी एका मुलीचा असलेला नंबर यंदा खरोखरच दुसऱ्या मुलाचा असू शकतो. मोबाइल हा संपर्काचा पत्ता आहे, ओळख नाही.

ग्रंथालय_ताई · शनिवार, सकाळी ७:३५

आज आमच्या भागात पाणी यायचा दिवस, म्हणून पहाटेपासून जागीच आहे. तेवढ्यात हा धागा वाचला.

आमच्या वाचनालयाचे सभासद रजिस्टरमधून कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना आम्ही याच सगळ्यातून गेलो आहोत, त्यामुळे नावावर जुळवण्याबद्दल चार गोष्टी सांगते.

सोलापुरात पहिलं नाव हा फार कच्चा पुरावा आहे. ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यामुळे घरोघरी सिद्धेश्वर, सिद्धाराम, सिद्धराम, सिद्रामप्पा. त्यातला एकच माणूस शाळेच्या दाखल्यावर सिद्धाराम, आधारवर सिद्राम आणि स्वतःच्या सहीत सिद्धराम असतो. इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका. शेख आडनाव आमच्याकडे पाच स्पेलिंगांनी आलं होतं, मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसतं एमडी. नावात अक्षराचा फरक म्हणजे माणूस वेगळा असं म्हणता येत नाही, आणि नाव तंतोतंत सारखं म्हणजे माणूस तोच असंही म्हणता येत नाही.

मग जन्मतारीख जोडावी असं वाटतं. कोहासुद्धा नवा सभासद नोंदवताना आडनाव, नाव आणि जन्मतारीख जुळली की 'हा आधीच आहे का' म्हणून थांबवतं. पण आमच्या वयस्कर सभासदांत १ जूनला जन्मलेले इतके आहेत की बोलायची सोय नाही. पूर्वी शाळेत नाव घालताना मास्तरांनीच तारीख ठरवली आणि शाळा सुरू व्हायची जूनमध्ये! तुमच्या मुलांत तेवढे नसतील, पण बाहेरून परीक्षा देणारे, नोकरी करून शिकणारे असतील तर बघा. शिवाय तारखेचा रकाना एक्सेलने फिरवला नाही ना हे तपासा. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ५ जूनची ६ मे होते, आणि १२ च्या वरचे दिवस तसेच मजकूर म्हणून राहतात. एकाच रकान्यात दोन्ही प्रकार.

आणि जुळे. वडील तेच, आडनाव तेच, जन्मतारीख तीच, पत्ता तोच, मोबाइल अर्थात तोच, नावं रमा आणि उमा. 'थोडाफार फरक चालेल' अशी जुळणी लावली की पहिला बळी यांचाच. लग्न झालेल्या मुलींचं उलट. माणूस तोच, पण आडनाव, मधलं नाव, पत्ता सगळं बदललेलं.

आमचं शेवटी ठरलं ते असं : ओळख म्हणजे वाचनालयाने दिलेला सभासद क्रमांक, बाकी सगळं वर्णन. कोहाच्या आयातीत कशावर जुळवायचं ते निवडता येतं, तिथे कार्ड क्रमांक निवडला. जुळणारी नोंद आधीच असेल तर नवी सोडून द्यायची की जुनीवर लिहायची असं विचारतं, तिथे पहिल्या फेरीला 'सोडून दे' ठेवलं.

पूर्वभाग_मास्तर · सकाळी ८:१०

ताई, जुळ्यांची जोडी आमच्याकडे आहे. रमा-उमा नव्हे, पण जवळपास तसंच.

म्हणजे माझ्याकडे धरण्यासारखा एकच रकाना उरतो, प्रवेश नोंदणी क्रमांक. तो कॉलेजचाच आहे, प्रत्येकाला पहिल्या दिवशी मिळतो. पण गेल्या वर्षी एजन्सीने युजरनेम नावावरून बनवले.

अक्कलकोट_रोड_ते_हिंजवडी · सकाळी ९:३०

तोच घ्या. सुट्टी आहे, सविस्तर लिहितो.

दुबार दोन जातींचे असतात आणि लोक ते एकत्र करतात. एक म्हणजे फाइलच्या आतले : एकाच मुलाच्या दोन ओळी, कारण त्याने फॉर्म दोनदा भरला. हे चढवायच्या आधी तुम्ही शीटमध्येच मिटवायचे. दुसरे म्हणजे फाइलमधला मुलगा मूडलमध्ये आधीपासून असणं. यात चूक काहीच नाही, द्वितीय वर्षाचा मुलगा आधीपासून असणारच. इथे प्रश्न एवढाच की त्याला नवं खातं मिळू नये.

आता तुमचे चार पर्याय. मूडल जुळवतं ते युजरनेमवर (ईमेलवर जुळवायची वेगळी सोय आहे, पण तुमचे ईमेल बघता तिकडे फिरकू नका).

'ॲड न्यू ओन्ली, स्किप एक्झिस्टिंग युजर्स' : नवे घालतो, असलेल्यांना हात लावत नाही. पहिली फेरी याचीच.

'ॲड ऑल, अपेंड नंबर टू युजरनेम्स इफ नीडेड' : तुमचे श्रीनिवास२ आणि श्रीनिवास३ इथून जन्मले, पैज लावून सांगतो. युजरनेम आधीच असेल तर हा पर्याय शेवटी आकडा लावून नवं खातं बनवतो. २ पासून सुरू करतो, म्हणून तुम्हाला श्रीनिवास१ दिसत नाही. पण याची खरी गंमत पुढे आहे. युजरनेमच्या शेवटी आधीच आकडा असेल तर तो नवा आकडा जोडत नाही, असलेला एकाने वाढवतो. म्हणजे प्रवेश क्रमांक २०२५१०४ दुसऱ्यांदा आला की तो २०२५१०५ करतो, आणि तो क्रमांक मोकळा असेल तर तिथेच खातं उघडतो. १०५ क्रमांकाची मुलगी पुढच्या ओळीत येते तेव्हा तिची जागा गेलेली असते, तिला १०६ मिळतो. तिथून खाली सगळा वर्ग एकेक घर सरकतो, आणि एकही चूक लाल रंगात दिसत नाही. क्रमांक युजरनेम म्हणून वापरणाऱ्याने या पर्यायाला कधीही शिवू नये.

'ॲड न्यू अँड अपडेट एक्झिस्टिंग' आणि 'अपडेट एक्झिस्टिंग ओन्ली' : दोन्ही कामाचे आहेत, पण आज नाहीत. फाइलमधल्या माहितीवर विश्वास बसला की मग. आज अपडेट केलंत तर गेल्या वर्षी एखाद्या मुलीने स्वतः दुरुस्त केलेला ईमेल जाऊन परत सेंटरचा येईल.

माझं मत स्पष्ट आहे : शंका असेल तिथे दोन खाती होऊ द्या. एका माणसाची दोन खाती हा त्रास आहे, नंतर निस्तरता येतो. दोन माणसांचं एक खातं झालं तर एकीचे गुण दुसरीला दिसतात, दोघींच्या उत्तरपत्रिका एकमेकींत मिसळतात आणि त्या पुन्हा वेगळ्या करायला कुठलंही बटण नाही.

नवी_पेठ_नेटकॅफे · सकाळी ९:४१

आणि ईमेलचं? तो तर मूडलला लागतोच ना?

अक्कलकोट_रोड_ते_हिंजवडी · सकाळी ९:५५

लागतो. साइटच्या सेटिंगमध्ये एकाच ईमेलवर अनेक खाती चालू देता येतात, पण वर सांगितलेल्या पासवर्डच्या कारणाने ते नको. ज्यांचा स्वतःचा ईमेल नाही त्यांना प्रवेश क्रमांकावरून बनवलेला असा पत्ता द्या जो डॉट इनव्हॅलिडने संपतो. हे डोमेन मुद्दाम राखून ठेवलेलं आहे, जगात कोणालाच मिळत नाही, आणि असा पत्ता दिसला की मूडल तिकडे मेल पाठवतच नाही. जीमेलवर काहीतरी बनावट पत्ता रचू नका. तो उद्या कोणीतरी खरोखर उघडेल.

जे स्वतः काहीतरी सॉफ्टवेअर लिहून घेतात त्यांच्यासाठी जाता जाता : डेटाबेसमध्ये ईमेलला युनिक अट (तोच दोनदा येऊ नये अशी) लावली असेल तर 'काहीच नाही' म्हणजे नल बहुतेक डेटाबेसांत कितीही ओळींत चालतो, पण रिकामी स्ट्रिंग, म्हणजे शून्य अक्षरांचा मजकूर, एकदाच. रिकाम्या ईमेलची दुसरी ओळ आली की आयात थांबते आणि लोक म्हणतात फाइल खराब आहे.

टंकलेखक_निवृत्त · दुपारी १२:२०

मराठी नावांचा रकाना कोणी विचारात घेतलेला दिसत नाही. मी सरकारी कचेरीत टंकलेखन केलं, नंतर युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची समान संगणकीय संकेतपद्धती) आलं. मास्तर, तुमच्या फाइलमध्ये मराठी नावं असतील तर पुढील गोष्टी बघाव्यात.

पहिली, जुने फाँट. जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेली असेल तर ती फक्त दिसायला मराठी असते. आत इंग्रजी अक्षरं व चिन्हं असतात. फाँट काढला की कचरा. अशी नावं युनिकोडमधल्या नावांशी कधीच जुळणार नाहीत. आधी रूपांतर, मग जुळणी.

दुसरी गोष्ट अधिक फसवी. कुऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त व मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही कुऱ्हाडे. संगणकाला ती दोन वेगळी आडनावं. तसंच ॲड. लिहिताना कोणी एकसंध ॲ टंकतो, कोणी अ वर चंद्र देतो. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवलं तरी या दोन जोड्या एक होत नाहीत, त्या शोधून बदलाव्या लागतात.

तिसरी, मोकळी जागा. नावाच्या शेवटी राहिलेली जागा एक्सेलच्या ट्रिम सूत्राने जाते, परंतु वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात येणारी न तुटणारी जागा ट्रिमने जात नाही. ती फाइंड-रिप्लेसने काढावी.

चौथी, जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडावा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, व एकाच लांबीची सगळी नावं मग खरोखरच सारखी होतात.

चादर_ते_चार्जर · दुपारी १२:३१

काका, तुम्ही तर लईच खोलात गेलाव. माझ्या दुकानाच्या यादीत ???? नावाचे तीन गिऱ्हाईक आहेत, आता कळलं कोण ते.

पूर्वभाग_मास्तर · दुपारी ४:०५

कार्यालयातून पोर्टलची ताजी सीएसव्ही मिळाली. शून्यं गेली, पीआरएन पूर्ण आले. रंगवून पाहिलं तर पीआरएनचे दुबार जवळजवळ संपलेच. जे उरले ते खरे : फॉर्म दोनदा भरलेले.

आता प्रश्न जुन्यांचा. फाइलमधला प्रवेश क्रमांक आणि मूडलमधलं नावावरचं युजरनेम यांची गाठ घालायची कशी? मूडलमध्ये क्रमांक कुठेच नाही.

ग्रंथालय_ताई · दुपारी ४:४०

इथे मात्र नाव वापरावंच लागेल, पण निवाड्यासाठी नाही, संशयित शोधण्यासाठी. ओपनरिफाइन हे फुकट मिळणारं साधन उतरवा. मूडलमधली यादी आणि कार्यालयाची यादी एकाखाली एक लावा, कोणती ओळ कुठली हे वेगळ्या रकान्यात लिहा, आणि इंग्रजीतल्या पूर्ण नावावर क्लस्टर (सारख्या नोंदींचे गट पाडणं) चालवा. त्यातली फिंगरप्रिंट पद्धत शब्द सुटे करून वर्णक्रमाने लावते, म्हणून आडनाव आधी की नाव आधी हा तुमचा पूर्व भागाचा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. स्पेलिंगांसाठी दुसरी, 'जवळचा शेजारी' पद्धत आहे, ती नंतर चालवा आणि तिच्या याद्या जास्त संशयाने बघा.

ते साधन 'एकत्र करू का' विचारेल. करू नका. गट नुसते बघा, आणि प्रत्येक गटासमोर वर्ग, वडिलांचं नाव, जन्मतारीख ठेवून माणसाने ठरवायचं. आम्ही तर काउंटरवर आलेल्या सभासदालाच विचारत होतो, "हे दोन्ही तुम्हीच का?" दहा सेकंदांचं काम. संगणकासमोर बसून मी तेवढ्यासाठी अर्धा तास डोकं खाजवलं असतं.

विडी_घरकुल · संध्याकाळी ५:१५

सर, मुलांनाच विचारा ना मग. वर्गात यादी फिरवा, ज्याने त्याने आपल्या सगळ्या खात्यांसमोर सही करायची आणि कोणतं वापरतो तिथे टिक. आम्हाला माहीत असतं कुठलं चालतं ते. फक्त त्या यादीत मोबाइल आणि जन्मतारीख नको. मागे आमच्याकडे मुलींचे नंबर असलेली यादी बोर्डावर लावली होती, पुढचे पंधरा दिवस अनोळखी फोन.

अक्कलकोट_रोड_ते_हिंजवडी · संध्याकाळी ५:४०

वर्गात विचारणं हा या धाग्यातला सगळ्यात चांगला उपाय आहे, आणि तो आम्हा संगणकवाल्यांपैकी एकालाही सुचला नाही.

यादीबद्दलही खरं आहे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी ती शीट स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नसते. आणि त्यात आधारचा रकाना असेल तर चढवायच्या फाइलमधून आधी तो काढा. जुळवायला सोपा म्हणून कोणीतरी सुचवेलच. मूडलला त्याची काहीही गरज नाही.

जुन्या खात्यांचं असं करा :

सह्या आल्या की प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याचं एक खातं 'राखायचं' ठरेल. त्याचं युजरनेम बदलून प्रवेश क्रमांक करायचा. हे एकेक करावं लागत नाही, फाइलमध्ये ओल्डयुजरनेम नावाचा रकाना ठेवता येतो. त्यात जुनं, युजरनेममध्ये नवं, आणि अपलोडच्या वेळी नाव बदलायला परवानगी द्यायची. हे नव्यांना चढवायच्या आधी. क्रम उलटा झाला तर प्रवेश क्रमांकाची नवी खाती उघडतील आणि जुन्यांना बदलायला जागाच उरणार नाही.

उरलेल्यांपैकी ज्या खात्यातून कोणी कधी आतच गेलं नाही ती सरळ बंद करा. सस्पेंडेड रकान्यात १. डिलीट नको : डिलीट झालेलं खातं पडद्यावरून परत आणता येत नाही, सस्पेंड केलेलं एका क्लिकवर परत येतं. आणि श्रीनिवाससारखे, ज्यांचं काम दोन्हीकडे पडलंय, त्यांच्यासाठी 'मर्ज युजर अकाउंट्स' नावाचं प्लगइन आहे. ते एका खात्याचं सगळं दुसऱ्याकडे वळवतं. त्याला उलटी वाट नाही. तेव्हा डेटाबेसचा पूर्ण बॅकअप, आधी साइटच्या नकलेवर प्रयोग, मग खऱ्यावर. एकच चाचणी दोन्ही खात्यांतून दिली असेल तर कोणता प्रयत्न धरायचा ते प्लगइनच्या सेटिंगमध्ये आधी ठरवावं लागतं. तो निर्णय विषयशिक्षकाचा, तुमचा नाही.

चादर_ते_चार्जर · संध्याकाळी ५:५२

सोमवारपर्यंत हे सगळं? मास्तर, प्राचार्यांना सांगा संक्रांतीच्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीपर्यंत होईल.

पूर्वभाग_मास्तर · रविवार, रात्री ८:३०

प्राचार्यांशी बोललो. जुळ्या बहिणींचं उदाहरण दिलं, एकीचे गुण दुसरीला दिसतील म्हटल्यावर लगेच पटलं. उद्या फक्त प्रथम वर्ष चढवायचं, ती सगळी नवीच आहेत, प्रवेश क्रमांक हेच युजरनेम. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या याद्या या आठवड्यात वर्गात फिरतील, आणि तोवर त्यांच्या एकाही ओळीला हात लावायचा नाही.

चढवण्याआधीच्या प्रिव्ह्यूमध्ये सगळं ठीक दिसतंय. पण त्यात दहाच ओळी दिसतात हो.

अक्कलकोट_रोड_ते_हिंजवडी · रात्री ८:४४

फाइल निवडता त्याच पानावर 'प्रिव्ह्यू रोज' असा पर्याय आहे, तो वाढवा. तुमच्या यादीएवढा तरी ठेवा आणि शेवटच्या रकान्यातली शेरेवजा माहिती शेवटपर्यंत वाचा. दहा ओळी बघून पुढे जाणारे मी फार पाहिलेत.

पूर्वभाग_मास्तर · रात्री ९:२०

वाढवला. दोन ओळींसमोर ईमेल आधीच वापरात असल्याचा शेरा आला. एक नेटकॅफेचा पत्ता माझ्या नजरेतून सुटला होता, आणि दुसरी मुलगी गेल्या वर्षी प्रवेश घेऊन सोडून गेलेली, यंदा पुन्हा प्रथम वर्षाला आलीय. तिचं जुनं खातं आहेच. तिला चढवत नाही, वरच्या वर्गांबरोबर बघतो.

एक शेवटचं. पीआरएन दोन-तीन महिन्यांनी येतील, ते कुठे आणि कसे घालायचे?

अक्कलकोट_रोड_ते_हिंजवडी · रात्री ९:३५

आयडी नंबर नावाचा रकाना त्यासाठीच आहे. तेव्हा फाइलमध्ये दोनच रकाने ठेवा, युजरनेम आणि आयडीनंबर. पर्याय 'अपडेट एक्झिस्टिंग ओन्ली', आणि असलेल्या माहितीचं काय करायचं तिथे 'फिल इन मिसिंग'. त्याने रिकामी जागा भरते, भरलेली तशीच राहते. फक्त तो रकाना दुबार क्रमांक आला तरी तक्रार करत नाही, मूडल तिथे युनिकची सक्ती करत नाही. म्हणून पीआरएनची यादी चढवायच्या आधी शीटमध्येच रंगवून बघा. आणि ती फाइल कार्यालयातून एक्सेलमध्ये आली तर आधी शेवटचा आकडा बघा.